एकेचाळिसावं विरजण

“आज्जी, पाय उचलत नाहीत,” असं मिथू उंबऱ्यातच बसून म्हणाली, तेव्हा मालनबाईंनी आधी तिच्या बुटांकडे पाहिलं. सहा वर्षांची पोर. शाळा बुडवायची तर तिच्याकडे कारणांचा तोटा नसे. पण मग मिथूच म्हणाली, “आणि शू पण चहासारखी झाली,” आणि मालनबाईंच्या हातातली रिबीन खाली पडली.

त्या घरात या दोन वाक्यांचा अर्थ सगळ्यांना पाठ होता. आपण तेल-तूप खातो, ते शरीरात जळतं ते एकदम नाही. कार्बनच्या लांबच लांब साखळ्या असतात त्या. शरीर त्यांचे दोन-दोन मणी तोडत जातं आणि त्यावर हृदय चालतं, पाय चालतात. लांब साखळीला पहिला घाव घालणारं साधनच मिथूकडे जन्मापासून नव्हतं. शेंगतेल, तूप, साय, सगळं तिला वर्ज्य. पोटात गेलंच, तर स्नायू उपाशी राहून विरघळू लागत आणि त्यांचा रंग लघवीत उतरे. तिला चालणारं तेल एकच, आठ आणि दहा मण्यांच्या आखूड साखळ्यांचं. ते बार्शीतच तयार होई, जुन्या डाळ मिलच्या शेडमध्ये, महिलांच्या तेलशाळेत. आणि तेलशाळेच्या प्रमुख होत्या खुद्द मालनबाई फल्ले.

दहा वाजेपर्यंत मिथूच्या हाताला सलाईन लागलं होतं. मुलगा हेरंब कॉटपाशी उभा होता. सून नेत्रा शाळेतून तशीच आली होती, बोटांना खडूची पांढरी भुकटी घेऊन.

डॉक्टरांनी दोघींना बाहेर बोलावलं. “साखर वरून देतोय. हृदय सध्या ठीक आहे, पण पुढचे दोन दिवस नाजूक. एक विचारतो. हिच्या रक्तात लांब साखळ्यांचा ढीग साठलाय. हा एका दिवसातला नाही. तीन-चार आठवडे थोडंथोडं काहीतरी पोटात जातंय. घरात कोण देतं?”

नेत्राने मान वळवली. “आई, खरं सांगा. मी ओरडणार नाही. लाडू दिलात?”

“नाही गं.”

“दिवाळीपासून डबा तुमच्या कपाटात आहे.”

“तो माझा मला. देवाशप्पथ, पोरीला दाखवलासुद्धा नाही.”

“मागच्या वेळीही आधी नाहीच म्हणाला होतात.”

ते खरं होतं. तीन वर्षांपूर्वी, सणाचं तोंड गोड नको का म्हणून, मालनबाईंनी अर्धा बेसनलाडू मिथूच्या हातावर ठेवला होता. चार दिवस पोर अतिदक्षता विभागात होती आणि कबूल करायला मालनबाईंनी त्यातले दोन घेतले होते. तेव्हापासून नेत्रा स्वयंपाकघरात वळूनवळून बघे. मालनबाईंनी त्याचा राग कधी धरला नाही.

“घरी जा,” नेत्रा म्हणाली. “तिचे कपडे आणा. तेलाची बाटली आणा, दुपारी पेजेतून द्यायचंय. आणि आल्यावर तिच्याजवळ बसू नका.”

रिक्षात मालनबाईंना स्वस्थ बसवेना. कोण देतं? शाळेत कुणाचा डबा? शेजारची पोरं? घरी आल्या, कपाट उघडून लाडू मोजले. चौदा होते, चौदाच होते. कपडे पिशवीत कोंबले, ओट्यावरची बाटली उचलली, आणि हात तिथेच थांबला.

बाटलीच्या तळाशी सायीसारखा पातळ पांढरा थर होता.

त्या साली डिसेंबरात बार्शीला पारा सात-आठवर आला होता. मालनबाई लहान असताना अशा थंडीत घरोघरी खोबरेल थिजे. शाळेला जायच्या आधी त्यांची आई डबी चुलीच्या वैलावर ठेवायची, कडेचं वितळलेलं तेवढं बोटाने काढून पोरींच्या डोक्याला चोपडायची. मधला गोळा तसाच पांढराशुभ्र. त्यांच्या वडिलांचा करडईचा घाणा होता. बैल गेला, मोटार आली, मग मोटारही बंद पडली. पण तेल बोटांत चोळून ओळखायची सवय लेकीच्या हातात राहिली होती. तेलशाळेचं तेल पहिल्यांदा हातावर घेतलं तेव्हा त्या हसल्या होत्या: हे कसलं तेल, पाण्यासारखं पळतंय, ना वास ना पकड! पाच हिवाळे झाले, ते कधी थिजलं नव्हतं. आखूड साखळ्या थंडीत सहसा थिजत नाहीत. थिजतात त्या लांब.

त्यांनी थेंब बोटांत चोळला. तेलाने बोटं धरली.

कपाटात तेलशाळेच्या पहिल्या घाण्याची बाटली होती, कुंकवाचं बोट लावून जपलेली. दोन्ही बाटल्या फ्रीजमध्ये ठेवून त्या समोर स्टुलावर बसल्या. उठल्या. पुन्हा बसल्या. अर्ध्या तासाने दार उघडलं. जुनी बाटली काचेसारखी नितळ होती. मिथूची निम्म्यापर्यंत पांढरी.

त्यांनी हेरंबला फोन लावला. “घरचं तेल मी आणत नाही. दुपारी पेजेत कसलंच तेल घालू नका. नुसती साखर.”

“का? काय झालं?”

“येऊन सांगते,” म्हणून त्या तेलशाळेकडे निघाल्या.

सहा वर्षांपूर्वी पुण्याच्या संस्थेतून डॉक्टर ताहेरा मुल्ला आल्या होत्या, तेव्हा त्यांनी बारा बायांना शेडमध्ये बसवून अबोलीची फुलं आणि दोरा दिला होता. पेशी चरबी कशी बांधते? गजरा ओवतात तशी. पहिल्यांदा दोन फुलं. मग प्रत्येक फेरीला आणखी दोन. खरं तर तिसरंही येतं, पण ते वायू होऊन उडून जातं आणि त्याच्या जोरावर बाकीची दोन घट्ट बसतात. गजऱ्याचं टोक पेशीतल्या एका लवचीक हाताने धरलेलं असतं. तो हात ते टोक या कारागिराकडून त्या कारागिराकडे फिरवतो. एक जोडतो, एक गाठ नीट करतो, एक पाणी काढून घेतो. अशा सात फेऱ्या झाल्या, सोळा फुलं भरली, की कात्री चालते आणि माळ सुटते. साध्या यीस्टमध्ये हे सोळा-अठरालाच होतं. मुल्लाबाईंच्या संस्थेने काय केलं होतं, तर यीस्टची कात्री बदलली होती. एका रानझुडपाच्या बियांत आठ-दहावरच माळ तोडणारी कात्री निसर्गाने दिलेली आहे. तिचा नमुना घेऊन, कानस मारून, यीस्टच्या कारखान्यात बसवली होती. उसाची मळी खायला घाला, टाकीत बारा दिवस सांभाळा, तेल घ्या.

“आणि एक नियम,” मुल्लाबाई म्हणाल्या होत्या. “बीज संस्थेच्या गोठवलेल्या कुपीतूनच घ्यायचं. एका कुपीवर पाच टाक्या. मग ते फेकायचं, नवी कुपी.”

कुपी पुण्याहून यायची, कधी वेळेवर, कधी नाही. आली तरी तिला जागं करून टाकीभर वाढवायला नऊ दिवस. पहिल्याच वर्षी एकदा कुपी वाटेत तापून मेली, तेव्हा मालनबाईंनी जुन्या टाकीतलं तांब्याभर बाजूला काढून नव्या टाकीत ओतलं होतं. दोन दिवसांत टाकी फसफसली! बाया टाळ्या पिटून हसल्या. दही नाही का आपण लावत, यात काय मोठं? मालनबाईंच्या सासूबाईंनी माहेरून आणलेलं विरजण एकोणतीस वर्षं एक दिवस न मोडता चालवलं होतं. परगावी जाताना ते शेजारणीकडे सोपवून जात. चांगलं विरजण फेकायचं म्हणजे मालनबाईंना अंगावर काटा यायचा. तेव्हापासून कुप्या फ्रीजरात तशाच पडून राहिल्या. आणि विरजण दर खेपेला अधिक जोमदार होत गेलं. किती अभिमान वाटायचा त्याचा.

शेडमध्ये शेवंता ढगे एकटी होती, टाकीचं तापमान लिहीत. मालनबाईंची सगळ्यात जुनी जोडीदारीण.

“मिथू कशी हाय?”

“शेवंता, पिंपाच्या तळाचा नळ सोड. वाटीत घे.”

तळाचं तेल वाटीत आलं ते दाट, गढूळ. वरच्या नळाचं नितळ. दोघी वाट्यांकडे बघत राहिल्या. तपासणीचा नमुना नेहमी वरच्या नळाचा जायचा, मिथूसारखाच आजार असलेल्या बाहेरगावच्या पोरांच्या बाटल्याही वरूनच भरायच्या. आणि घरची बाटली मालनबाई सगळ्यात शेवटी भरायच्या, पिंपात उरेल त्यातून. आपणच बनवायचं आणि आपल्याच घरी पहिलं न्यायचं, हे त्यांना कधी बरं वाटलं नव्हतं.

त्यांनी तिथूनच पुण्याला फोन लावला. सगळं सांगितलं.

“विरजण किती वेळा फिरवलंत?” मुल्लाबाईंनी विचारलं.

मालनबाईंनी भिंतीवरच्या खडूच्या रेघा पाहिल्या. “आत्ताचं एकेचाळिसावं.”

मुल्लाबाई हळू बोलल्या. “मालनताई, त्या पेशीच्या बाजूने बघा. आखूड साखळ्या तिला स्वतःला सोसत नाहीत, तिचं अंग जाळतात. तिला स्वतःच्या भिंतींसाठी लांबच हव्या असतात. कोट्यवधी पेशींत एखादीची कात्री आपोआप बोथट होते. ती सुखात वाढते, दुसऱ्यांच्या आधी दुप्पट होते. तुम्ही तांब्या काढता तेव्हा त्यात तिची पिल्लं जास्त येतात. पुढच्या तांब्यात आणखी जास्त. तुम्हाला वाटलं विरजण जोमदार झालं. जोमदारच झालं ते. फक्त आपलं काम सोडून.”

“वरचं तेल तरी चांगलं आहे ना?”

“थंडीत लांब साखळ्या तळाला बसल्या म्हणून. ऊन पडलं की ढवळून सगळीकडे. आणि वरच्यातही थोड्या असणारच. एकही बाटली वापरू देऊ नका. मी आत्ता वरिष्ठांना कळवते. आमच्याकडचं तेल उद्या सकाळी गाडीने पाठवते, पण सगळ्यांना पुरणार नाही.”

फोन ठेवला तशी शेवंता पुढे आली. “थांबा. जरा माझं ऐका, मालनताई. बाहेरच्या सव्वीस पोरांतल्या एकाला तरी काही झालंय का? न्हाई. गुपचूप नवी कुपी काढू, तीन आठवड्यांत चांगलं तेल. बाटल्यांची मुदत संपली म्हणून परत मागवू. कुणाला कळायचंय?”

“मुल्लाबाईंना कळलंय की.”

“त्यांनाबी आपली शाळा बंद पडायला नकोच हाय. आन् मिथूचं...” शेवंता अडखळली. “नेत्राला वाटतंयच ना लाडू दिला म्हणून? मग व्हय म्हणा. तुमच्या घरातली गोष्ट घरात राहील. बारा बायांची चूल इथं पेटते, ताई. एक लाडू, झालं.”

खोटं वाटावं इतकं सोपं होतं ते. नेत्राचा विश्वास आधीच गेलेला. गेलेल्यातून आणखी काय जाणार? त्या शेडच्या दारापर्यंत गेल्या, परत आल्या. सव्वीस बाटल्या. सव्वीस ओट्यांवर, खिडकीतल्या उन्हात. मुदत संपलेली बाटली कोण लगेच बाजूला ठेवतं? मालनबाईंनी स्वतः कधी ठेवली नसती. उरलेलं संपवूनच टाकलं असतं.

त्यांनी टाकीत वाफ सोडणारा कॉक फिरवला. टाकी आतून धडधडली, काचेमागचा फेस खाली बसला, आणि उकडलेल्या पावासारखा वास शेडभर पसरला. तांब्यातलं विरजण त्यांनी उकळत्या पाण्यात ओतलं. शेवंता भिंतीकडे तोंड करून उभी राहिली होती.

“यादी दे,” मालनबाई म्हणाल्या. “तेरा तू लाव, तेरा मी.”

शेवंताने डोळे पुसले, यादी मधून फाडली. “काय सांगायचं?”

“तेल देऊ नका. खराब आहे. फल्लेबाईंची चूक झाली, असं सांग. माझं नाव घेऊन सांग, म्हणजे ऐकतील.”

हॉस्पिटलात पोहोचेपर्यंत मालनबाईंचे अकरा फोन झाले होते. मिथू झोपली होती. नेत्रा बाकावरून उठली.

“कपडे?”

“राहिले गं. नेत्रा, ऐक. लाडू मी दिला नाही. तेल दिलं.”

उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. विरजण, पाचाचा नियम, एकेचाळीस रेघा, तळाचं तेल. शेवंता जे म्हणाली ते मात्र सांगितलं नाही. नेत्रा गणिताची बाई. सगळं संपल्यावर म्हणाली, “लाडू दिला असतात तर बरं झालं असतं, आई. लाडूवर मला चिडता आलं असतं. रोज सकाळी ती बाटली मी माझ्या हाताने मोजून चमच्यात ओततेय.”

मालनबाईंनी हात पुढे केला, तिने तो घेतला नाही.

तेवढ्यात शेवंताचा फोन आला. तिचे तेरा झाले होते. मालनबाईंनी स्वतःचे उरलेले दोन लावले. एक उचलला गेला. दुसरा लागेना. पुन्हा लावला. येडशीच्या पुढे एका वस्तीवरचं घर. मुक्ता, वय महिने आठ. आई द्राक्षाच्या मळ्यात कामाला, फोन बंद. मुलीला दिवसभर तिची आजी सांभाळे.

“आठ महिन्यांची?” नेत्राने विचारलं.

“हो. तिला चमचाभरही जड जाईल.”

“तेलाचं पुढचं पाजणं किती वाजता?”

“पाचला देतात. दवाखान्याने वेळा लिहून दिल्यात.”

घड्याळात सव्वातीन. नेत्राने खिडकीतून आत पाहिलं, हेरंब मिथूचा तळपाय चोळत होता. तिने पर्समधून स्कूटरची किल्ली काढली.

“चला.”

“अगं, तू? पोरीला सोडून?”

“मिथूपाशी तिचे बाबा आहेत, डॉक्टर आहेत. तिकडे त्या पोरीपाशी कोणीच नाही. आणि तुम्हाला स्कूटर येत नाही. चला म्हणते ना.”

घाटाच्या वळणांवर वारा कापत होता. मागे बसून मालनबाई दर दोन मिनिटांनी तो नंबर लावत होत्या. तो लागत नव्हता. चढावर बॅटरी उतरत आलेली दिसली तेव्हा नेत्रा “देवा, आत्ता नको,” म्हणाली, आणि वेग कमी करून ती चढली. वस्तीचा रस्ता दोनदा चुकला. एका शेळ्या हाकणाऱ्या म्हाताऱ्याने हात दाखवला तेव्हा पाचला दहा कमी होते.

घराच्या ओसरीवर एक म्हातारी मांडी घालून बसली होती. मांडीवर मुक्ता, समोर पेजेची वाटी, आणि बाटली उघडलेली. चमचा भरलेला होता.

“थांबा!” मालनबाई स्कूटरवरून उतरता उतरता ओरडल्या. “ते तेल घालू नका!”

म्हातारीने पोरीला छातीशी धरलं. “कोण गं बायांनो तुम्ही?”

“ते तेल खराब आहे. बाळाला बाधेल.”

“खराब? काय बी बोलू नगा. बार्शीच्या फल्लेबाईच्या हातचं तेल हाय ह्ये. दवाखान्यातली नर्सबाई म्हनली, ती बाई लई चोख, तिची नात बी ह्येच खाती. तुमी इकायला आलाय वाटतं दुसरं.” आणि चमचा वाटीकडे वळला.

“मीच फल्लेबाई,” मालनबाई म्हणाल्या. “मालन फल्ले. मीच केलंय ते. नियम मोडून केलं, आणि ते बिघडलं. माझी नात हेच तेल खाऊन आज हॉस्पिटलात आहे. ही तिची आई.”

म्हातारीने नेत्राकडे पाहिलं. खडूने भरलेली बोटं, वाऱ्याने विस्कटलेले केस, सुजलेले डोळे. नेत्राने नुसती मान हलवली. म्हातारीने चमचा जमिनीवर उपडा केला. तेल शेणाच्या सारवणावर पसरलं आणि हळूहळू आत जिरलं.

मुक्ता भुकेने रडायला लागली.

“बरं,” म्हातारी म्हणाली. तिचा आवाज आता बारीक झाला होता. “मग हिला देऊ काय? तुमच्या तेलावरच जगत व्हती ती.”

मालनबाईंकडे पिशवी नव्हती, बाटली नव्हती. पुण्याची गाडी उद्या. नवी टाकी तीन आठवड्यांनी, तीही संस्थेने करू दिली तर; आणि दिली तरी ती मालनबाईंच्या हातची नसेल, हे त्यांना वाटेतच उमगलं होतं. त्या ओसरीच्या पायरीवर टेकल्या.

“पेजच द्या. साखर जास्त घालून. उपाशी ठेवायचं नाही, दर दोन तासांनी. झोपली तरी उठवून. उद्या दुसरं तेल येईपर्यंत तेवढ्यावर निभतं. द्या इकडे, मी भरवते.”

“नगं,” म्हातारी म्हणाली. “तुमी सांगा. मी भरवते.”

नेत्राचा फोन वाजला. हेरंब होता. मिथू जागी झाली होती, लघवीचा रंग थोडा उतरला होता, आई कुठाय म्हणून विचारत होती. नेत्राने डोळे मिटून श्वास सोडला आणि स्कूटर फिरवली.

“तुम्ही थांबताय ना इथे?”

“हिची आई येईस्तोवर थांबते. नंतरही, त्या ठेवतील तर.”

“दर दोन तासांनी,” नेत्रा म्हणाली. “प्रत्येक वेळी मला फोन करा. पोरीने किती खाल्लं, शू कसली झाली, सगळं सांगायचं. मी न विचारता.”

“सांगेन.”

“खरं सांगायचं.”

स्कूटर उताराला लागली. मालनबाईंनी म्हातारीला साखरेचा डबा कुठे आहे ते विचारलं, आणि दोन चमचे पुरे म्हणताम्हणता तिसराही घाला म्हणाल्या. मुक्ताने पहिला घास थुंकला. दुसरा गिळला.

“किती वाजले?” म्हातारीने विचारलं.

“पाच वाजून सात,” मालनबाई म्हणाल्या. “आता सातला.”